मान उघडली नव्हती : तीन खात्यांच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य
मा. मंत्री, गृह
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, त्याला कारण आहे. राज्यात कोणी अपघातात, विष पिऊन, फास लावून, विहिरीत पडून किंवा पोलीस कोठडीत मेलं, की तो देह तुमच्या तीन खात्यांच्या मधोमध येऊन पडतो. पंचनामा गृहखात्याचा. देह उघडायची खोली आणि तिथला वैद्यकीय अधिकारी आरोग्य खात्याचा. हे काम ज्याला खरोखर शिकवलेलं असतं तो न्यायवैद्यकाचा एमडी बहुधा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे तिसऱ्या खात्यात. काढून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे विष शोधायला राखून ठेवलेले आतले अवयव, तपासणारी प्रयोगशाळा पुन्हा गृहखात्याची. ज्याचा त्याचा कागद पुरा होतो. त्या देहाची तपासणी नीट झाली का, हे विचारायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

मी सात वर्षं तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. नंतर सेवेत असतानाच पदव्युत्तरला प्रवेश मिळाला, न्यायवैद्यकशास्त्रात एमडी केलं, पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं आणि आता निवृत्त झालो आहे. परदेशात ज्याला फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट म्हणतात ते काम मी आयुष्याची अनेक वर्षं केलं. पण पत्र लिहावंसं वाटलं ते त्या आधीच्या सात वर्षांमुळे. त्या सात वर्षांतही मी शवविच्छेदनं करत होतो. फक्त ती करायला मला येत नव्हती.

१९९४ चा मे महिना. ओपीडीत ऐंशी-नव्वद पेशंट, आत एक बाळंतीण अडलेली. अकराच्या सुमारास हवालदार कागद घेऊन आले. ‘साहेब, एक पीएम आहे. विहिरीतली बॉडी.’ अठ्ठावीस वर्षांची बाई, पदरात दोन मुलं, लग्नाला नऊ वर्षं झालेली. पहाटे पाणी शेंदायला गेली, पाय घसरून पडली, असं इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूच्या पोलीस तपासाच्या, पंचनाम्यात लिहिलं होतं. सासरच्या मंडळींचे जबाब एका सुरातले होते.

आमची पीएम (शवविच्छेदन) रूम म्हणजे दवाखान्याच्या मागे सेप्टिक टाकीपलीकडे एक पत्र्याची खोली. मधे शहाबादी फरशीचा ओटा. नळ होता, नळाला पाणी नव्हतं. दोन बादल्या भरून आणायच्या. वर साठचा पिवळा बल्ब. कक्षसेवकाने छाती-पोट उघडलं आणि मी दारात उभा राहून तो दाखवेल ते पाहिलं. फुप्फुसं फुगलेली दिसली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. कवटी उघडलीच नाही. छापील नमुन्यात मेंदूचा रकाना होता, तिथे मी ‘कंजेस्टेड’, म्हणजे रक्ताने भरलेला, असं लिहिलं. तो मेंदू मी पाहिलेला नव्हता. मृत्यूचं कारण, बुडून श्वास कोंडल्यामुळे. पंचनाम्यात होतं तेच मी इंग्रजीत लिहून खाली सही केली.

बाहेर कडुनिंबाखाली तिचा बाप उकिडवा बसला होता. मला पाहून उठला, हात जोडले. ‘सायेब, पोरगी नदीकाठची हाय माझी. पवायला येत हुतं तिला.’

मी म्हणालो, ‘बाबा, घाबरल्यावर पोहणारासुद्धा बुडतो.’

हे खोटं नाही, असं होतं. पण त्या दिवशी मी ते बोललो ते त्याला गप्प करायला. ओपीडी खोळंबली होती.

एमडीच्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी जी गोष्ट हाताला धरून शिकवली ती अशी: मान शेवटी उघडायची. आधी कवटी, मग छाती आणि पोट. त्या वाटेने रक्त निचरून गेलं, की मानेचे स्नायू कोरडे, स्वच्छ दिसतात. मग एकेक थर सुटा करत आत जायचं. घाईने मान आधी उघडली तर कापलेल्या शिरांतलं रक्त पसरतं, आणि तो मार होता की आपलाच सुरा, हे सांगता येत नाही. त्या दिवशी टेबलावर एक बाई होती, फास लावून घेतल्याचा पंचनामा. गळ्यावर दोरीची खूण आडवी, पूर्ण गोल, कंठमण्याच्या खाली. लटकलेल्या माणसाची खूण सहसा तिरकी वर चढत जाते, कंठमण्याच्या वर असते आणि गाठीपाशी तुटते. सरांनी तिसरा थर बाजूला केला आणि चिमट्याच्या टोकाने दाखवलं. वरच्या कातडीवर काही नाही, पण आत, स्नायूत, रुपयाच्या नाण्याएवढा काळपट डाग. बोटाचा दाब.

त्या रात्री होस्टेलच्या खोलीत मला झोप लागली नाही. मी त्या विहिरीतल्या बाईची मान उघडली नव्हती.

नाकातोंडाशी बारीक, चिकट, पुसला तरी पुन्हा येणारा फेस होता का, हे मी नीट पाहिलं नव्हतं. मुठीत शेवाळ किंवा गवत घट्ट धरलेलं होतं का, हेही नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो आणि कधी कधी ती मूठ मेल्यावरही तशीच राहते. हाडातली मज्जा घेतली नव्हती, विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घेतली नव्हती. पाण्यात डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, त्याचं कवच वाळूच्या जातीचं. जिवंत माणूस बुडताना श्वासाबरोबर पाणी ओढतो, ते शेवाळ फुप्फुसातून रक्तात उतरतं आणि धडधडणारं हृदय त्याला हाडाच्या मज्जेपर्यंत पोचवतं. आधी मेलेल्याला पाण्यात टाकलं तर हृदय बंद, प्रवास तिथेच थांबतो. या चाचणीलाही मर्यादा आहेत, तिच्या एकटीच्या जोरावर कोणी छातीठोक मत देऊ नये. पण मी तर काहीच केलं नव्हतं. ती खरोखर पाय घसरूनही पडली असेल. ते कळण्याची जी एकुलती एक संधी होती ती माझ्या हातात वीस मिनिटं होती. संध्याकाळी तिला अग्नी दिला.

आपल्याकडे बहुतेक देह जाळले जातात. जिवंत माणसाचं निदान एका डॉक्टरकडून चुकलं तर तो दुसऱ्याकडे जातो, पुन्हा एक्सरे काढतो. मेलेल्या माणसाला दुसरं मत मिळत नाही. म्हणून पहिली तपासणी जाणत्या हातून व्हावी, एवढंच माझं मागणं आहे. बाकी सगळं पत्र त्याच्याभोवती आहे.

हे माझ्या एकट्याचं पाप असतं तर मी ते जाहीर पत्रात मांडलं नसतं. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. आई, मुलगी आणि दोन मुलगे. पहिलं शवविच्छेदन इतकं अपुरं होतं की पुरलेले देह उकरून पुन्हा तपासावे लागले. स्त्रीदेहाची जी तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, जे नमुने त्याच वेळी घ्यायचे असतात, ते राहून गेले. कुजलेल्या देहाकडून दुसऱ्यांदा ते मिळत नाहीत. डॉक्टर निलंबित झाले. खटल्यात खून सिद्ध झाले, लैंगिक अत्याचाराचा मुद्दा टिकला नाही. निलंबनाने काय झालं? त्या टेबलाशी पुन्हा तसाच एक एमबीबीएस झालेला, दुसऱ्या दहा कामांतून उठून आलेला डॉक्टर उभा राहिला.

२००८ मध्ये गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा देह सापडला. सुरुवातीला बुडून मृत्यू म्हणून ते प्रकरण संपत आलं होतं. आई हटून बसली, दुसरं शवविच्छेदन झालं, आणि अंगावर जखमाच जखमा निघाल्या. त्या आईला हटून बसता आलं, तिच्यामागे परदेशी वर्तमानपत्रं होती. माझ्या कडुनिंबाखालच्या बाबांना दुसरं शवविच्छेदन मागता येतं हेच माहीत नव्हतं, आणि मीही त्यांना ते सांगितलं नाही.

कायद्याकडे पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपासाची पद्धत ठरवणारा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. चांगली तरतूद आहे, मनापासून म्हणतो. त्यासाठी फॉरेन्सिक व्हॅन रस्त्यावर आल्या, त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण त्याच संहितेच्या कलम १९४ खाली देह पाठवायचा तो जवळच्या सिव्हिल सर्जनकडे किंवा सरकारने नेमलेल्या पात्र डॉक्टरकडे. पात्र म्हणजे व्यवहारात ड्युटीवर असेल तो. म्हणजे रक्ताचा थेंब उचलायला तज्ज्ञ हवा, आणि ज्याचं ते रक्त आहे तो अख्खा माणूस उघडायला कोणीही चालेल. घटनास्थळावरचा सर्वात मोठा पुरावा तो देहच असतो, साहेब.

त्या ड्युटीवरच्या डॉक्टरला मी दोष देत नाही. मी तोच होतो. रात्रभर बाळंतपणं, सकाळी ओपीडी, दुपारी कुटुंबकल्याणाचा कॅम्प आणि मधे ‘साहेब, पीएम आहे, नातेवाईक थांबलेत’. न्यायवैद्यक हा विषय त्याने एमबीबीएसला परीक्षेपुरता वाचलेला असतो. शिकताना शवविच्छेदन पाहिलं ते घोळक्यात, मागच्या रांगेत उभं राहून. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे देह येतो आणि शेजारी मदतीला असतो तो कक्षसेवक किंवा सफाई कामगार.

त्या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. माझ्या रुग्णालयात जे काका होते, त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात शवविच्छेदनाचा उल्लेखच नव्हता. ते सफाई कामगार होते. त्यांचे वडील हेच काम करायचे; लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारस म्हणून काका नोकरीत आले आणि नोकरीबरोबर सुराही आला. शिकवलं कोणी नाही. कवटी उघडायला छिन्नी-हातोडा. टाके घालायला दाभण आणि सुतळी. हातमोजे मिळाले तर मिळाले. क्षयाच्या फुप्फुसात, काविळीच्या रक्तात ते उघड्या हातांनी काम करताना मी पाहिले आहेत. काम सुरू करण्याआधी ते दारू प्यायचे. त्याशिवाय हात पुढे जात नाही, असं त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं. त्या दारूचे पैसे द्यायचे कोणी? नातेवाइकांनी. ज्याचा मुलगा आत ओट्यावर आहे त्या बापाकडे हवालदार ‘खर्चाला’ म्हणून पैसे मागायचे. हे मला माहीत होतं आणि मी दुसरीकडे बघायचो.

आणि तरी, लोकांना ‘चिरफाड’ या शब्दाची जी धास्ती असते ती काकांनी पुष्कळ कमी केली. देह परत देण्याआधी ते स्वतः पाण्याची बादली आणून तोंड पुसायचे, केस मागे सारायचे, चादर हनुवटीपर्यंत ओढायचे. आईला पहिल्यांदा चेहराच दिसला पाहिजे, म्हणायचे. हे मला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. त्यांच्यासारख्या माणसाला पद, प्रशिक्षण, लस आणि पुरेसा पगार द्या. हे काम एका जातीच्या घरात वारशाने जाऊ नये; ते तंत्रज्ञाचं काम आहे, ज्याला शिकायचं त्याने शिकावं.

आता कॉलम १७. आपल्या राज्यातल्या शवविच्छेदनाच्या छापील नमुन्यात १७ व्या रकान्यात अंगावरच्या बाहेरच्या जखमा लिहायच्या असतात. सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यात डॉक्टरची साक्ष बहुतेक वेळ याच रकान्याभोवती फिरते. घाईत असलेला डॉक्टर लिहितो, ‘पाठीवर अनेक ठिकाणी मुका मार’. शिकलेला डॉक्टर लिहितो, ‘डाव्या खांद्याच्या पात्यावर तिरके दोन समांतर लालसर पट्टे, लांबी ११ सेंमी, दोन पट्ट्यांमध्ये फिकट जागा’. पहिल्या वाक्यातून काही कळत नाही. माणूस जिन्यावरून पडला असेल, बैलाने ढकललं असेल. दुसऱ्या वाक्यात काठी आहे. गोल काठी जोरात बसली की रक्त दोन्ही कडांना सरकतं आणि मधली जागा फिकी राहते. कातडीवर रुळासारखे दोन पट्टे उमटतात. जिन्यावरून पडून असे रूळ उमटत नाहीत. कोठडीत मेलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजे कोणाची तरी निर्दोष सुटका किंवा जन्मठेप असते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रीकरण करायला राज्यांना सांगितलं आणि १९९७ मध्ये शवविच्छेदनाचा सविस्तर नमुना दिला. कॅमेरा आला, ठीक. पण टेबलाशी उभ्या असलेल्याला पाठीवर छेद घेऊन मार किती खोल गेला आहे हे पाहायचं असतं, तळपाय उघडून पाहायचे असतात, हे माहीतच नसेल तर कॅमेरा त्याचं अज्ञान तेवढं टिपतो. अंधारात काळ्या-सावळ्या कातडीवरचा मार तर पिवळ्या बल्बखाली दिसतसुद्धा नाही. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करू नये असा दंडक होता त्याचं मूळ इथे आहे. दिव्याच्या उजेडात जखमेचा रंग बदलून दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या रुग्णालयांत रात्रीही परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय ही प्रकरणं त्यातून वगळली. रात्रभर ताटकळणाऱ्या नातेवाइकांसाठी तो निर्णय योग्यच आहे. पण ‘सोय’ या शब्दाचा अर्थ तालुक्याला काय होतो ते एकदा रात्री जाऊन पाहा. भारनियमन नसेल अशा रात्री.

व्हिसेऱ्याची गोष्ट वेगळीच. विषाचा संशय असला की जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग असं काढून बरण्यांत ठेवायचं. वर मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे साधं खायचं मीठ आणखी विरघळेनासं होईपर्यंत. आम्ही ते मीठ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून हवालदारांकडून आणवायचो. मग झाकण, लाख, सील, सीलचा नमुना, फॉर्म, आणि हवालदार ती पिशवी मांडीवर घेऊन एसटीने प्रयोगशाळेकडे. न शिकलेला डॉक्टर काय करतो? एकतर फॉर्मालिनमध्ये ठेवतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मालिनमध्ये ठेवतात एवढं त्याला आठवतं. आणि फॉर्मालिनमधल्या अवयवातून विष शोधणं रसायनतज्ज्ञाला जड जातं. किंवा मग, आपल्याला कारण सापडत नाही म्हणून, सुरक्षित राहायला प्रत्येक देहाचा व्हिसेरा राखून ठेवतो. ‘मत राखीव, व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला.’ हृदयविकाराने गेलेल्याचाही व्हिसेरा मुंबईत कलिन्याच्या किंवा विभागीय प्रयोगशाळेला. तिथे बरण्यांची रांग लागते आणि ज्याच्या पोटात खरंच विष आहे त्याचा सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट त्या रांगेत अडकतो. प्रयोगशाळेला उशिराबद्दल बोल लावतो आपण, पण रांगेचं एक टोक आमच्या पीएम रूममध्ये आहे.

तो रिपोर्ट म्हणजे घरच्यांसाठी केवळ कागद नसतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. फवारणी करताना मेला की पिऊन मेला, हे ठरवायचं कोणी? तोंडाची आतली बाजू, अन्ननलिका, जठर पाहणाऱ्याने, कातडी पाहणाऱ्याने, कपडे जपून ठेवणाऱ्याने. शेतकरी आत्महत्येनंतर पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हाती आणि सत्तर हजार खात्यात ठेव. शेतात साप चावून गेलेल्याच्या घरी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख येऊ शकतात. दोन्हीकडे शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. पायाच्या घोट्याजवळचे दोन बारीक टोचे चिखल धुऊन, भिंग घेऊन कोणी पाहिले नाहीत आणि ‘कारण अनिश्चित’ असं लिहिलं, तर त्या बाईच्या हातातून दोन लाख गेले. तिला इंग्रजी येत नाही. अहवालाची प्रत मिळवायला ती पोलीस ठाण्याच्या खेपा घालते. आणि ‘मत राखीव’ याचा अर्थ तिला समजावून सांगणारं माणूस आपल्या कोणत्याही खात्यात नाही.

दबावाबद्दल थोडक्यात लिहितो. गावचा पुढारी फोन करतो, ‘डॉक्टर, साधं प्रकरण आहे, लवकर उरका’. पोलिसांना पंचनाम्याशी जुळणारं मत हवं असतं. शिकलेला, पक्का तज्ज्ञ ‘नाही’ म्हणू शकतो, कारण त्याच्या ‘नाही’मागे शास्त्र असतं आणि त्याची बदली त्या तालुक्याच्या राजकारणात अडकलेली नसते. सत्तावीस वर्षांच्या, सरकारी सेवेच्या बॉण्डवरच्या मुलामुलींनी एकट्याने हे झेलावं अशी अपेक्षा तुम्ही करता, हे मला अन्यायाचं वाटतं.

मुंबईत फार वर्षं कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, होता. १८७१ च्या कायद्याचं ते पद १९९९ मध्ये रद्द झालं. त्याच्या कामात दोष होते, पण मृत्यूचं कारण ठरवताना पोलिसांच्या बाहेरचा एक माणूस प्रश्न विचारायचा. आज मुंबईत निदान पोलीस सर्जनच्या अखत्यारीतली शवविच्छेदन केंद्रं आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या तालुक्यात काय आहे? पत्र्याची खोली.

मग करायचं काय? आभासी शवविच्छेदन, म्हणजे न कापता सीटी स्कॅनने तपासणी, दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून सुरू आहे, आणि आता ते इथेही आणा असं मला कोणी ना कोणी सुचवतं. आणा जरूर. पण त्याआधी नळाला पाणी आणा.

मला सर्वात तातडीचं वाटतं ते जिल्ह्याजिल्ह्याला एक पूर्ण केंद्र, जिथे न्यायवैद्यकाचा एमडी चोवीस तास कोणी तरी असेल. खून, कोठडी, जळीत, बुडालेले, फास, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत गेलेली विवाहिता, लहान मूल, बेवारस देह: ही सगळी प्रकरणं तालुक्यात उघडायचीच नाहीत, तिकडे न्यायची. न्यायला सरकारी गाडी, शीतपेटीची, आणि सोबत एका नातेवाइकाला जागा आणि परतीचा प्रवास फुकट. नाहीतर लोक देह हलवू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. साध्या वाहन-अपघाताची शवविच्छेदनं तालुक्यातच होतील, पण ती करणाऱ्याने आधी महाविद्यालयात जाऊन स्वतःच्या हाताने पुरेशी केलेली असावीत, मागच्या रांगेतून पाहिलेली नव्हेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा, जालना ही नावं त्यात आहेत. तिथे न्यायवैद्यक विभाग असणारच आहे. त्या विभागाने फक्त वर्गात शिकवायचं आणि शेजारच्या तालुक्यात पत्र्याच्या खोलीत छिन्नी चालू राहायची, हे केवळ खाती वेगळी म्हणून. तिघांनी एका टेबलाशी बसून एक आदेश काढला तर ती भिंत पडेल. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. इंद्रजित खांडेकरांनी आणि त्यांच्या विभागाने बलात्कारपीडितेच्या तपासणीतले अशास्त्रीय भाग हटवण्यासाठी जे काम केलं, त्याने देशभरातल्या पद्धतीला धक्का दिला. ते काम मंत्रालयातून नव्हे, एका महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागातून झालं. या विषयाची माणसं काय करू शकतात ते तिथे दिसलं.

आज एमबीबीएस झालेली हुशार मुलं न्यायवैद्यक घेत नाहीत. प्रॅक्टिस नाही, पैसा नाही, निवृत्तीनंतरही दूरच्या न्यायालयांची समन्सं येत राहतात. मलाही अजून येतात. मागच्या वर्षी जुन्या एका प्रकरणात साक्षीला गेलो. आरोपीच्या वकिलांनी माझा कॉलम १७ ओळीओळीने वाचला आणि शेवटी म्हणाले, ‘नो फर्दर क्वेश्चन्स’. बाहेर आल्यावर मयत मुलाच्या आईने विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही आमच्या बाजूचे का त्यांच्या?’ मी म्हणालो, ‘मावशी, मी तुमच्या मुलाच्या बाजूचा.’

या कामात माझ्याकडून जे उपयोगी पडेल ते घ्या. मी निवृत्त आहे, तब्येत धड आहे, दोन्ही हात स्थिर आहेत. ज्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव तुम्ही कळवाल तिथे आठवड्यातून दोन दिवस येऊन तरुण डॉक्टरांना आणि कक्षसेवकांना शिकवीन. माझ्या ओळखीतले आणखी काही निवृत्त अध्यापक तयार आहेत. मानधन नको, एसटीचं भाडंही नको. खोलीत वाहतं पाणी, पांढऱ्या उजेडाचे चार दिवे, एक स्टीलचं टेबल, मापपट्टी, भिंग आणि प्रत्येकासाठी जाड हातमोजे असू द्या. पहिल्या दिवशी मी मान उघडायला शिकवीन.

आपला,
तालुक्यातला एक माजी वैद्यकीय अधिकारी
आणि न्यायवैद्यकशास्त्राचा निवृत्त अध्यापक